भूलतज्ज्ञाची सोयरीक

आमच्या ग्रामीण रुग्णालयात तज्ज्ञ डॉक्टरांची भरती होत नसे, त्यांचं स्थळ बघितलं जाई. हा माझा विनोद नव्हे. आमचे हेडक्लार्क महालिंगआप्पा हाच शब्द वापरत. "बाई, अंबाजोगाईला एक स्थळ हाय," असं ते सकाळी सकाळी माझ्या टेबलाशी येऊन सांगत, आणि ओपीडीतल्या नव्या सिस्टर गालातल्या गालात हसत. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, बिनलग्नाची आणि नाकावर राग घेऊन हिंडणारी होते. त्यांना वाटे डॉक्टरीणबाईंचं ठरतंय. पण आप्पांच्या डोक्यात वधू म्हणजे आमचा दवाखाना असे आणि स्थळ म्हणजे भूल देणारा डॉक्टर.

आप्पा लिंगायत वाण्याच्या घरातले. घरचं भुसाराचं दुकान धाकटा भाऊ बघायचा. आपण सरकारी नोकरीत आलो ते तराजू धरायचा कंटाळा म्हणून, असं ते सांगत. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात दोऱ्यात ओवलेली लिंगाची चांदीची डबी, आणि शर्टाच्या खिशाला फाइली शिवायचं दाभण खोचलेलं. दाभण उजव्या खिशाला असलं तर आप्पांचा मूड चांगला आणि डाव्याला असलं तर जरा जपून, असं शिपाई मला पहिल्याच आठवड्यात शिकवून गेला. मी सहा वर्षं लक्ष ठेवलं, त्यात काही तथ्य आढळलं नाही.

त्यांची खरी ख्याती कचेरीबाहेर होती. आजूबाजूच्या गावांत कुठलंही लग्न अडलं की आप्पांना बोलावणं येई. युसूफ वडगावपासून पार तलवाड्यापर्यंत ते बैठकीला गेलेले. लग्नाआधी दोन्हीकडची माणसं बसून अटी लिहून काढतात, कुणी काय करायचं, कोणाचा मान कसा ठेवायचा. त्याला यादी म्हणतात. आप्पांच्या हातची यादी मोडलेली कुणी पाहिली नव्हती. कारण विचारलं तर म्हणत, "उभ्यानं ठरलेलं उभ्यानंच मोडतंय. आमी बसून बोलतो."

"बसून बोलू" हे त्यांचं पालुपद होतं. त्यासाठी ते कपाटात फाइलींच्या खाली एक निळी सतरंजी ठेवत. एकदा वॉर्डबॉय आणि सफाईवाल्या मावशींचं फडक्यावरून भांडण जुंपलं. आप्पांनी ओपीडीच्या बोळातच सतरंजी अंथरली आणि दोघांना समोरासमोर बसवलं. तापानं फणफणलेले दोन पेशंटही येऊन शेजारी बसले, त्यांना वाटलं रांग इथूनच सुरू होते. आप्पांनी त्यांनाही भांडणातलं मत विचारलं. मी वैतागून बाहेर आले आणि ओरडले, तर ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी बी टेका जरा." तेव्हा मला या माणसाचा मनस्वी राग यायचा, हे कबूल करायला हवं.

आता दवाखान्याचं दुखणं सांगते. आमच्याकडे ऑपरेशन थिएटर होतं. नवंकोरं, पांढऱ्या फरशीचं, आणि कायम कुलूपबंद. आत भूल द्यायचं यंत्र पांढऱ्या चादरीखाली उभं होतं. माझ्याकडे बाळंतपणाची पदविका होती, सिझेरियन मला करता येत होतं. पण भूल देणारा नसेल तर सुरी हातात घेऊन करायचं काय? भूलतज्ज्ञाचं पद आमच्याकडे मंजूरच नव्हतं. बोलावल्यावर येईल असा बाहेरचा डॉक्टर कंत्राटावर घ्यायची तेवढी परवानगी होती. आणि ते दिवस असे, की जो तो सरकारी नोकरी सोडून स्वतःची पाटी लावत होता. गावोगाव चकचकीत खासगी दवाखाने उघडत होते, चौकाचौकात एसटीडीची पिवळी खोकी आली होती, डॉक्टरांच्या दारात पांढऱ्या मारुती. आमच्या गावाला कोण येणार? अडलेल्या बाईला आम्ही जीपमध्ये घालून पुढे पाठवत होतो, आणि ती जीप वळणावर दिसेनाशी होईपर्यंत मी दारात उभी राहायचे. त्यातल्या काही पोचल्या, काही नाही पोचल्या.

आप्पा दर सोमवारी कुलूप काढत, यंत्रावरची चादर झटकत आणि पुन्हा घालत. मला ते अगदीच हास्यास्पद वाटे.

मग एका हिवाळ्यात जिल्ह्याहून पत्र आलं. मार्चअखेरपर्यंत थिएटर सुरू झालं नाही तर यंत्र दुसऱ्या रुग्णालयाला देण्यात येईल. मी पत्र वाचून टेबलावर आपटलं. आप्पांनी ते उचलून सरळ केलं आणि दाभणानं भोक पाडून फाइलला लावलं. नंतर म्हणाले, "तुमचा हात हाय, मशीन हाय, मधला एक माणूस न्हाई. एका माणसापायी घर मोडायचं व्हय?"

मी म्हटलं, जाहिरात देऊ. दोनदा दिली. एकच अर्ज आला, तो गुरांच्या डॉक्टरचा. अनुभवाच्या रकान्यात त्यानं बैलांना भूल दिल्याचं प्रामाणिकपणे लिहिलं होतं. आप्पांनी त्याला आभाराचं पत्र पाठवलं आणि मला म्हणाले, "कागद बघून कोन पोरगी देतंय बाई? घरी जावं लागतंय."

म्हणून आम्ही अंबाजोगाईला गेलो. आप्पा धोतर, काळा कोट आणि टोपी अशा थाटात जीपमध्ये येऊन बसले. मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ, साखरेचा पुडा आणि ती सतरंजी. मला सांगितलं, "तुमी आमच्याकडच्या. जास्ती बोलू नका." मी अख्खा रस्ता खिडकीबाहेर बघत बसले.

डॉ. सिद्दिकी म्हणजे पस्तिशीचा, काटकुळा, भराभर चालणारा माणूस. गावातल्या सगळ्या थिएटरांत तोच भूल द्यायचा. त्यानं बोळात उभ्याउभ्याच आमचं ऐकलं आणि अदबीनं नाही म्हणाला. एका सरकारी दवाखान्यानं त्याला बोलावलं होतं. हा धावत गेला तर सर्जनच गावाला गेलेला. दिवस फुकट, उपाशी परत. "मॅडम, तुमच्यावर राग नाही, पण मला जमणार नाही," म्हणाला आणि पुढच्या केसला पळाला. सगळं मिळून दोन मिनिटं लागली असतील. मी जीपकडे वळले.

मागे बघते तर आप्पा व्हरांड्यात सतरंजी अंथरतायत.

दोन तास आम्ही तिथं बसलो. मी चिडून कडेला, आप्पा मधोमध. पेशंटचे नातेवाईक, कंपाउंडर, पाणी भरणारी बाई, सगळ्यांशी त्यांच्या गप्पा झाल्या. मागच्या बाजूलाच डॉक्टरांचं घर आहे आणि घरात शब्द चालतो तो अम्मीजानचा, एवढं त्यांनी तेवढ्यात काढून घेतलं. दुपारी एक थोराड, गोरी बाई हातात डबा घेऊन तरातरा बाहेर आली. मुलगा जेवायला आला नाही म्हणून ती कंपाउंडरवर करवादत होती. करवादता करवादता तिला जमिनीवर बसलेला कोट-टोपीतला म्हातारा दिसला.

"बडे मियाँ, नीचे कायकू बैठे? कुर्सी नै दिये क्या?"

आप्पा हात जोडून म्हणाले, "कुर्सी पे बैठ के रिश्ते की बात नै होती, अम्मीजी."

"किसका रिश्ता?"

"हमारे दवाखाने का."

अम्मी आधी गोंधळल्या, मग डबा खाली ठेवून इतक्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. आणि सतरंजीच्या कोपऱ्यावर टेकल्या. निजामाच्या वेळी आप्पांचं शिक्षण उर्दूत झालेलं, त्यामुळे पुढचं सगळं बोलणं माझ्या डोक्यावरूनच गेलं. पण बायकांची नावं मला कळत होती. ज्यांना मी जीपमध्ये घातलं होतं, त्यांची. आप्पा त्यांची नावं, गावं, घरं सांगत होते. रजिस्टर माझ्या टेबलावर असायचं आणि पाठ त्यांना होतं. मी दुसरीकडे बघायचं सोडून त्या दिवशी प्रथम त्यांच्याकडे नीट बघितलं.

अम्मींनी पेरू कापून आणले. आप्पा बाहेरचं काही खात नसत, पण पेरूची फोड त्यांनी लगेच तोंडात टाकली. स्थळाच्या घरचं काहीतरी खाल्लंच पाहिजे, असं मला नंतर सांगितलं. मग अम्मींनी आपलं गाऱ्हाणं काढलं. पोरगा वेळेवर जेवत नाही. गाडी जोरात हाणतो. कुठं पोचला, कधी पोचला, काही कळवत नाही, जीव टांगणीला. आप्पांनी मान डोलावत खिशातून कागद काढला आणि यादी लिहायला घेतली.

आमच्याकडून असं ठरलं, की बाई तयार आणि मी हजर असल्याशिवाय डॉक्टरांना बोलावायचं नाही. ते आले की पहिल्यांदा अम्मीला फोन करून 'पोचले' म्हणून सांगायचं. जेवल्याशिवाय त्यांना परत सोडायचं नाही. दिवेलागणीनंतर परतायचं झालं तर सोबतीला माणूस द्यायचा. त्यांच्याकडून असं, की निरोप आला की हातातलं उरकून तासाभरात निघायचं, आणि बाई कुणाची आहे हे विचारायचं नाही. सणाला सूट ठेवू, ईद सोडून देऊ, असं आप्पाच म्हणाले. तर अम्मींनी ते खोडायला लावलं. ईदला नमाज झाली की येईल, म्हणाल्या.

डॉक्टर केस आटोपून बाहेर आले तेव्हा आप्पा साखरेचा पुडा सोडत होते. "अम्मी, मला कुणी काही विचारणार आहे का?" त्यांनी विचारलं.

"तेरेकू शादी में बी कोन पूछा था?" अम्मी म्हणाल्या आणि मुलाच्या हातावर साखर ठेवली. डॉक्टरांनी यादी दोनदा वाचली, माझ्याकडे बघून हसले आणि खाली सही केली. अम्मींनीही केली, उर्दूत, आणि एक नक्कल घरी ठेवून घेतली.

इथवर सगळं झकास. पुढची चूक मात्र आप्पांच्याच हातून झाली, आणि ती त्यांच्यासारख्या माणसाच्याच हातून होऊ शकते. दोन्हीकडच्यांनी सही केलेला कागद म्हणजे त्यांच्या लेखी करारनामा. त्यांनी सरकारी नमुन्यातला करार व्यवस्थित भरला आणि त्याच्या पाठीला ती यादी दाभणानं शिवून मंजुरीसाठी बीडला पाठवून दिली.

तीन आठवड्यांनी सगळं बाड परत आलं. समासात लाल शाईनं शेरा होता. 'अट क्रमांक दोनमधील अम्मी हे पद कोणत्या संवर्गातील आहे व त्यास मंजुरी आहे काय, याचा खुलासा व्हावा.'

मी कपाळाला हात लावला. मार्च लागला होता. आप्पा मात्र अजिबात डगमगले नाहीत. त्यांनी आपल्या वळणदार अक्षरात खुलासा लिहिला. 'सदर पद मंजूर आकृतिबंधाबाहेरील असून त्यावर शासनाचा कोणताही खर्च पडत नाही. तथापि सदर पदाशिवाय डॉक्टर उपलब्ध होणार नाहीत.' बाड पुन्हा बीडला गेलं. मंजुरी यायच्या आधी टेम्पो आला.

दुसऱ्या रुग्णालयाचे एक औषधनिर्माते यंत्र न्यायला आले होते. सरळ स्वभावाचे गृहस्थ, हातात लेखी हुकूम. महिना संपायला चार दिवस होते, पण टेम्पो आजच मिळाला म्हणाले. आणि नेमकी त्याच सकाळी गावातल्या कासाराची सून आमच्याकडे आलेली. पहिलटकरीण, मूल आडवं. तिची सासू माझा हात सोडत नव्हती. जीप पाठवावी तर तीही जिल्ह्याला गेलेली. मी बोळात येऊन आप्पांना सांगितलं, की ही इथंच सुटली तर सुटली, नाहीतर दोन्ही जीव जातील.

आप्पांनी शिपायाला एसटी स्टँडवरच्या खोक्याकडे पिटाळलं, कारण दवाखान्याचा फोन महिनाभर मुका होता. मग ते औषधनिर्मात्यांकडे वळले आणि थिएटरच्या दाराला आडवी सतरंजी अंथरली.

"साहेब, न्या की मशीन. न्हाई कोन म्हणतंय? पर बसून बोलू."

पुढचा तासभर त्या बिचाऱ्या माणसानं काय काय ऐकलं ते त्यालाच ठाऊक. आत मी बाईची तयारी करत होते आणि बाहेरून आप्पांचा आवाज येत होता. घर कुठलं, पाव्हणे कोण, आष्टीकडचे का, मग अमक्यांचे कोण लागता, मुलगी कितवीत शिकते. त्यांच्या समोर भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ताक आलं. जेवणाऱ्या माणसाला यंत्र उचलता येत नाही, आणि जेवण संपलं तेव्हा दारात पांढरी मारुती थांबली.

मंजुरी नव्हती. कागदोपत्री डॉ. सिद्दिकी आमचे कुणीच नव्हते. मी त्यांना तसं सांगूही लागले, कारण उद्या काही बरंवाईट झालं तर ते अडकले असते. ते हात धुताधुता म्हणाले, "मॅडम, घरी एक कागद भिंतीला लावलाय. अम्मीनं तो दाखवला आणि गाडीची किल्ली हातात दिली. आता मी परत जाऊन तिला काय सांगू?"

चादर निघाली. यंत्र पहिल्या झटक्यात चाललं. इतके सोमवार आप्पा नुसती चादर झटकत नव्हते, नळ्या पुसून, चाकांना तेल घालून ते त्याला राखत होते, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरांनी भूल दिली, मी सुरी घेतली. पोरगी निघाली, निळसर, गप्प. सिस्टरनं तिला उलटी धरून पाठ चोळली आणि मग ती जी रडायला लागली ती थांबेचना.

बाहेर आले तर औषधनिर्माते सतरंजीवर उभे होते. डोळे पुसून त्यांनी हुकुमाच्या कागदावर 'यंत्र वापरात असल्याने नेता आले नाही' असं लिहिलं, माझी सही घेतली आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. आप्पा तिथं नव्हतेच. पोरीचं रडणं ऐकू येताच ते स्टँडवर पळाले होते. गडबडीत अम्मीला फोन करायचा राहून गेला होता, आणि यादीतली अट पहिल्याच दिवशी मोडली म्हणून त्यांचा जीव खालीवर होत होता.

त्या दिवशी मला झालेला आनंद मी लपवणार नाही. कासारांनी दवाखान्यातल्या एकूणएक बाईला बांगड्या भरल्या. मी ऑपरेशनच्या हातात बांगडी चालत नाही म्हटलं, तर आप्पा म्हणाले, रविवारी घाला.

मंजुरी यथावकाश आली, त्या 'पदा'बद्दल पुन्हा कुणी विचारलं नाही. पुढे आमचं थिएटर चाललं ते चाललंच. कंत्राट अकरा महिन्यांचं असे, मग मध्ये खंड, पुन्हा नवे कागद, पुन्हा बीड. त्या खंडाच्या काळात डॉक्टरांनी यायचं काहीच कारण नव्हतं. ते यायचे. ईदलाही आले, नव्या कुर्त्यात, आणि पहिल्यांदा शीरखुर्म्याचा डबा सिस्टरच्या हातात दिला. जेवल्याशिवाय त्यांना आप्पा सोडत नसत. एकदा पोट बिघडलंय म्हणाले तर ताकभात खायला घालून सोडलं. तीन वर्षांत डॉक्टरांना पोट सुटलं आणि अम्मींनी आप्पांना त्याबद्दल खास निरोप धाडला.

फोन मात्र आप्पांनी कधी दुसऱ्या कुणाला करू दिला नाही. अम्मींना कमी ऐकू यायला लागलं होतं, त्यामुळे खोक्यातून ते इतक्या जोरात ओरडत की अख्ख्या स्टँडला कळे. त्याचा एक फायदा झाला. अडलेल्या बाईचे नातेवाईक चहाच्या टपरीवर बसलेले असत, आप्पांची आरोळी ऐकली की उठून दवाखान्याकडे चालू लागत.

माझंही स्थळ त्यांनीच आणलं. तीन मी मोडली. चौथं लातूरचं, कान-नाक-घशाचा डॉक्टर. यादी करताना आप्पांनी माझ्या बाजूनं एकच अट घातली, की बाई चिडल्या तर उत्तर द्यायचं नाही. नवरा अजून ती पाळतो, त्यामुळे मला भांडायला घरात माणूस नाही.

आप्पा निवृत्त झाले तेव्हा सतरंजी घरी घेऊन गेले, यादी दवाखान्यात ठेवून गेले. दोन वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी सकाळीच मी एका बाईला टेबलावर घेतलं होतं. नव्या डॉक्टरीणबाईंच्या हातात सगळं सोपवून, डॉ. सिद्दिकींचा निरोप घेऊन मी स्टँडवर आले. कंत्राट संपून महिना झाला होता आणि नवीन क्लार्कनं पाठवलेले कागद अजून बीडहून यायचे होते.

आप्पांना भेटायला आदल्या दिवशी घरी गेले होते, तर ते कुठल्याशा बैठकीला गेलेले. चुटपुट लागून राहिली होती. एसटीत बसले, गाडी सुरू झाली, आणि खिडकीतून पिवळ्या खोक्यात एक काळी टोपी दिसली. कपाळावर भस्म, एका हातानं दुसरा कान घट्ट दाबलेला, रिसीव्हर तोंडाशी. मी हाक मारली, पण त्यांचं लक्ष नव्हतं.

"पोचले, अम्मीजी. हां, आत गेले बी." ते थांबले, पलीकडचं ऐकलं आणि स्टँड दणाणून सोडत म्हणाले, "न्हाई न्हाई, जेवल्याबिगर कसं सोडीन?"

टपरीवरून दोन माणसं आणि एक म्हातारी उठली आणि दवाखान्याच्या रस्त्याला लागली.